पप्पा बिद्रीला गेलेत

निवासी शाळा, डोंगरावर
रविवार, २३ जून २०२४

तीर्थरूप संयोगिताताईस,

(चारच वर्षांनी मोठी हायस, पण सर म्हणाले तीर्थरूप लिवायचंच.)

मी हितं मजेत हाय असं पयल्या ओळीत लिवायला सांगितलंय. मी मजेत हाय. आमटीत डाळ शोधावी लागती. वॉर्डन सर आमची पत्रं वाचून मग पेटीत टाकतात. आमटी चांगली असती.

फोन फक्त रविवारी. सर शेजारी उभं असत्यात, मागं पोरांची रांग असती. आई नुसतं "जेवलास का" म्हणती. पप्पांना दे म्हटलं की झोपल्यात म्हणती. सकाळी फोन केला तरी झोपल्यात, संध्याकाळी केला तरी झोपल्यात. एवढं कोण झोपतंय?

हितल्या पोरांनी विचारलं, तुझे पप्पा काय करत्यात. मी सांगितलं, बाळासो म्हंजे आमचं पप्पा दूध संस्थेचं सचिव हायत आन यात्रेत कुस्तीच्या मैदानाचं निवेदन करत्यात. कुणाला काय वाटलं न्हाय. एकाचे पप्पा तर पोलिसात हायत. मग मी यात्रेनंतरची ती सकाळ सांगितली. पप्पांनी उजाडायच्या आत देवळातला माईक घेतला आन सगळ्या गावाला सांगितलं, "गडमुडशिंगीकरांनो, विमानतळ आपल्या उंबऱ्याला, आन आपली म्हस अजून चालत गोठ्यात जाती? ह्या वर्षी गावातली एकूणएक म्हस विमानात बसंल. खिडकीजवळची जागा गाभण म्हशींना." ऊन चढूस्तोवर बोलत होतं. सगळं गाव देवळापुढं हसत उभं होतं. तेवढं कोण हसवू शकतंय? पोरं ऐकून गादीवर लोळली. आता मला सगळी 'विमान' म्हणत्यात. चांगलं नाव हाय.

पण ताई, एक कळंना. त्यानंतर थोड्याच दिवसांत पप्पा गप झालं आन भिंतीकडं तोंड करून पडलं. मग शाळा सुरू व्हायच्या वक्ताला मला हितं आणून सोडलं. हंबीररावकाका म्हणालं, शिस्त लागंल. माईक मी घेतला न्हवता की. मग शिस्त मला का?

खरं काय ते लिव.

तुझा,
धैर्यशील


गडमुडशिंगी
२ जुलै २०२४

चिरंजीव विमानास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्याआधी वाचणाऱ्या वॉर्डन सरांनाही नमस्कार. सर, आमटीचं मनावर घेऊ नका, हा घरीही असंच बोलतो.

पप्पा ठीक आहेत. हवापालटासाठी बिद्रीला बनाआत्त्यांकडे गेलेत. हवापालटाला लोक महाबळेश्वरला जातात, आपले पप्पा साखर कारखान्याच्या गावी गेलेत. प्रत्येकाची आवड. तिथे रेंज येत नाही, म्हणून फोनवर मिळत नाहीत.

जाण्याआधी त्यांच्यावर भरपूर उपचार झाले, त्याची हकिकत ऐक. आत्त्या आली ती लिंबं, नारळ आणि एक देवऋषी घेऊनच. बघताक्षणी तिने निदान केलं: करणी. कुणी केली तेही ठरलेलं होतं. शेजारचे आकारामतात्या. कारण संस्थेच्या निवडणुकीत ते पप्पांच्या पॅनेलविरुद्ध पडले होते. देवऋषी म्हणाला, अंगणात काहीतरी पुरलंय. मग अंगण खणलं. तुझा हरवलेला रबरी चेंडू निघाला आणि तो स्टीलचा चमचा निघाला, ज्याच्यासाठी आईने मला दोन दिवस ऐकवलं होतं. देवऋषीने चमच्याकडे बघून मान हलवली. हाच तो, म्हणाला. चमचा पंचगंगेत सोडण्यात आला. चेंडू मी ठेवलाय.

नंतर हंबीररावकाका आले. त्यांचं निदान आळस. "सकाळी उठून शंभर जोर मारले की माणूस खडखडीत. आमच्या तालमीत कुणाला कधी असलं काय झालं न्हाय." काकांचं पोट बघता तालीम सोडून बरीच वर्षं झाली असावीत. मग चुलतमामी आली. ती म्हणाली, टेन्शन घेऊ नका. पप्पांच्या लक्षातच आलं नव्हतं बघ की टेन्शन न घेण्याचीही सोय असते.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. पप्पांचा पाय मोडला असता तर घरात केळ्यांचे घड लागले असते. हे असं काही झालं की लोक केळी आणत नाहीत. सल्ले आणतात. सल्ल्यांची शिकरण होत नाही.

आई सकाळी पप्पांच्या जागी संस्थेत दूध घ्यायला बसते. मी अकरावीला सायन्सला जाते. तू शाळेत का, तर तिथली शाळा चांगली आहे म्हणून. काळजी करू नकोस आणि अभ्यास कर. (हे वाक्य सगळी मोठी माणसं लिहितात. मी सराव करतेय.)

ताई


निवासी शाळा
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

ताई,

काल पालकसभा होती. आई आलती. तुला माहीतच असंल.

माझ्या वर्गात श्रेयस म्हणून एक हाय, बिद्रीचा. त्याची आई पण आलती. मी तिला म्हटलं, काकू, तुमच्या गल्लीत बनाबाई माझी आत्त्या हाय, तिच्याकडं पप्पा ऱ्हायलेत, त्यांना सांगा मी कबड्डीच्या संघात हाय. ती म्हणाली, "बनाबाईकडं कोण पावणं न्हाईत बाळा. ती एकटीच तर हाय." मी आईकडं बघितलं. आई लाडवाच्या डब्याचं झाकण उघडाय लागली. ते झाकण सैलच हाय. तरी किती वेळ उघडत होती.

सांजच्याला श्रेयसनं सांगितलं. तुझ्या पप्पांना कोल्हापुरात वेड्यांच्या दवाखान्यात ठेवलंय, सगळ्यांना माहीत हाय म्हणाला. मी त्याला मारलं. मला ग्राउंडला फेऱ्या मारायची शिक्षा झाली. मारल्या.

सगळ्यांना माहीत हाय. मी सगळ्यात न्हाय का?

श्रेयसनं सांगायच्या आधी, आई डबा उघडत होती तवा, मला काय वाटलं सांगू? मला वाटलं पप्पा मेल्यात. बिद्रीला रेंज असती. श्रेयस सुट्टीत घरनं रोज त्याच्या बाबांशी व्हिडिओ कॉल करायचा म्हणं. तू खोटं लिवतीस म्हटल्यावर मी कुठपतूर खोटं धरायचं? दवाखाना ऐकून मी त्याला मारलं, पण आतनं मला बरं वाटलं. दवाखान्यात म्हंजे हायत.

मला विमान म्हणू नकोस.

धैर्यशील


गडमुडशिंगी
१७ ऑगस्ट २०२४

धैर्या,

पप्पा आहेत. हे आधी.

आता बाकीचं. तुला सांगायचं नाही हे घरातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. लहान आहे, मनावर परिणाम होईल, म्हणून. परिणाम होऊ नये म्हणून तुला पप्पा मेल्यासारखे वाटू दिले. अशी आपली मोठी माणसं हुशार. पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी चांगलं आहे.

तू गेल्यावर पप्पांनी अंघोळ सोडली, मग जेवण सोडलं. एका सकाळी आई दूध तापवत होती. पप्पा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. बऱ्याच दिवसांनी उठले म्हणून आईला बरं वाटलं. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही तिघं माझ्याशिवाय बरी ऱ्हाशीला."

आईने गॅस बंद केला. कुणालाही विचारलं नाही. आत्त्या म्हणत होती थांब, देवऋषीने अमावास्या सांगितलीय. आई थेट शेजारी गेली आणि आकारामतात्यांना म्हणाली, गाडी काढा. ज्यांनी करणी केली म्हणे, त्यांनीच पप्पांना मागच्या सीटवर धरून बसवलं आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत एक अक्षर विचारलं नाही. परत आल्यावर गावातही एक अक्षर बोलले नाहीत. गावाला कळलं ते आत्त्याकडून. 'कुणाला सांगू नका' असं ती स्वतः घरोघर जाऊन सांगून आली.

तो वेड्यांचा दवाखाना नाही. तिथे जाताना मीही तसंच काहीतरी धरून गेले होते, साखळ्या, किंकाळ्या वगैरे. तर तिथे एक बाई मटार सोलावेत तसं हळूहळू संत्रं सोलत बसल्या होत्या आणि टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. सगळ्यात बेभान दिसणारा माणूस पंचाला शिव्या देत होता. तो वॉर्डबॉय होता.

डॉक्टर इरावती म्हणून आहेत. त्यांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. याला बायपोलर म्हणतात. मराठी शब्द विचारला तर म्हणाल्या, द्विध्रुवीय. भूगोलाचा धडा वाटतो. मन कधी फार वर चढतं, तेव्हा झोप लागत नाही, बोलणं थांबत नाही, काहीही जमेल असं वाटतं. मग ते खाली येतं आणि इतकं खाली जातं की उठणंही जमत नाही. यात कुणाची चूक नसते. तुझी नाही, आईची नाही, चमच्याची तर नाहीच. औषधाने सावरतं, पण औषध बरेच महिने, कदाचित वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. साखरेच्या आजारासारखं.

धैर्या, यात एक गोष्ट तुला आवडणार नाही. म्हशी विमानात बसवल्या, ती सकाळही आजारच होती. मी डॉक्टरांना सांगत होते आणि त्या लिहून घेत होत्या. आपल्या घरातली सगळ्यात मजेची सकाळ, आणि ती कागदावर 'लक्षणं' या शब्दाखाली गेली. मला आवडलं नाही. पण आहे ते असं आहे.

यापुढे खोटं लिहिणार नाही. चांगलंच लिहीन असंही नाही.

ताई

ता. क. श्रेयसची माफी माग. तुला खरं सांगणारा तो पहिलाच.


दि. १४ सप्टेंबर २०२४

कु. संयोगिता यांस,

सप्रेम नमस्कार.

वसतिगृहाच्या नियमानुसार विद्यार्थ्यांची पत्रे मला वाचावी लागतात, हे आपणास ज्ञात आहेच. त्यामुळे आपल्या घरची परिस्थिती मला, माझी इच्छा नसताना, ठाऊक आहे. आमटीविषयीचा उल्लेख मी मनावर घेतलेला नाही. तरी स्वयंपाकघरास कळवले आहे.

लिहिण्यास कारण की, चि. धैर्यशील गेले काही आठवडे अत्यंत शिस्तीत वागतो. मी पुष्कळ वर्षे वसतिगृह सांभाळतो आहे. या वयाचा मुलगा इतक्या शिस्तीत वागू लागला की मला चिंता वाटते. घंटेबरोबर झोपतो. कुणाशी जादा बोलत नाही. कबड्डी सोडली. क्रीडास्पर्धेत निवेदन करण्यासाठी वर्गाने एकमुखाने त्याचे नाव दिले, तर "मला जमत नाही सर" म्हणून उठून गेला. परवा भोजनगृहात कुणाच्या तरी नाकातून ताक आले. सगळी मुले हसत होती. हा ताटावरून उठला, बाहेर नळावर गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. मी मागोमाग गेलो. काय झाले विचारले. "ठीक आहे सर" म्हणाला.

मला तो याहून अधिक सांगणार नाही. तुम्हाला सांगेल असे वाटते. या कामापुरती त्याची पत्रे मी न वाचता पेटीत टाकीन. हे नियमात बसत नाही, तेव्हा कुठे बोलू नये.

आपला,
वसतिगृहप्रमुख


गडमुडशिंगी
२० सप्टेंबर २०२४

धैर्या,

महिना झाला, पत्र नाही. फोनवर तू "बरं हाय" आणि "व्हय" एवढंच बोलतोस. गप्प बसण्याचं कंत्राट आपल्या घरात एकाकडे होतं आणि तेही आता संपत आलंय. पप्पा गणपतीच्या आधी घरी आले. दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसतात. हात थोडे थरथरतात, ते औषधाने. आरतीला उभे राहिले. टाळ्या वाजवल्या. गावाने आरती सोडून त्यांच्याकडे बघितलं.

तुझी पत्रं यापुढे कुणी वाचणार नाही. कसं ते विचारू नकोस.

हसायचं का थांबवलंस?

ताई


निवासी शाळा
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

ताई,

सरांनी कोरं पाकीट दिलं आन स्वतःच चिकटवायला डिंक दिला. म्हणून लिवतो.

तू लिवलं होतंस की ती सकाळ आजार होता. मी लय इचार केला. पप्पा त्या आधी पण तसंच बोलायचं. लोकांना हसवायचं. मीबी तसाच बोलतो. सगळे म्हणत्यात, हुबेहूब बाळासो. आजीपण म्हणायची. नाक, आवाज, चालणं, सगळं. मग बाकीचं पण माझ्यात असणारच की. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकता हाय. मी मोठ्या पोराकडनं घेऊन तो धडा आधीच वाचला.

म्हणून मी ठरवलं की वर चढायचंच न्हाय. वर न्हाय गेलं तर खाली कसं पडंल? हसू आलं की वाटतं, हे साधं हसू हाय का ते हाय? कळत न्हाय. मग मी थांबवतो. झोप लागली न्हाय तरी डोळं मिटून पडतो. एकदा मला स्वप्न पडलं आन मी मोठ्यानं बोललो. सकाळी मी बाजूच्याला चार-चार वेळा विचारलं, मी काय बोललो. तो म्हणाला, तू म्हणालास 'चटणी वाढ.' तरी मला भ्या वाटलं.

आजारी पडायला मला काय न्हाय. पण तवा तू आन आई पप्पांकडं बघायचा तसं माझ्याकडं बघशीला. ते नको.

मला व्हणार का? डॉक्टरबाईंना विचार. गोड लिवू नकोस.

धैर्यशील


गडमुडशिंगी
८ ऑक्टोबर २०२४

धैर्या,

विचारलं. तू मला आधी विचारायचं होतंस, असं मोठ्या बहिणीसारखं लिहिणार होते. पण आधी मीच खोटं लिहिलं होतं, तेव्हा गप्प बसते.

पप्पांना तपासणीला नेलं होतं. ते औषधांच्या खिडकीवर रांगेत उभे होते, आई त्यांच्यासोबत होती. मी एकटी आत गेले आणि तुझं पत्रच वाचून दाखवलं, चटणीसकट, आणि सरांनी कळवलेली ताकाची नि नळाची हकिकतही सांगितली. डॉक्टर इरावतींनी चष्मा काढला. त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते.

"ज्यांच्या आईवडिलांना हा आजार आहे, त्यांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. ती नाही असं मी सांगणार नाही. पण अशा घरातल्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. आणि हसल्यामुळे तर कुणालाच होत नाही. न हसल्यामुळे टळतही नाही. पुढे कधी झोप उडाली, मन फार खाली गेलं, काही वेगळं वाटलं, तर दडवायचं नाही, सांगायचं. लवकर कळलं की लवकर सावरता येतं. एवढंच त्याच्या हातात आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. बाकी त्याने ताक नाकातून आलं तर हसावं."

मग त्यांनी विचारलं, "आणि तू?" मी म्हटलं, मी सायन्सला आहे, मला वेळ नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि वाट बघत बसल्या. मग मी बराच वेळ रडले, त्याचा तपशील तुला नको.

तोंड पुसून मागे वळले तर पप्पा दारात. औषधांची पिशवी हातात. कधीपासून उभे होते माहीत नाही. मी पत्र लपवलं, म्हणजे पाठीमागे धरलं, जसं काही त्यांना दिसलंच नाही.

ते येऊन बसले. बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत होते. मग डॉक्टरांना म्हणाले, "मी बारीक हुतो तवापास्नं असाच बोलत आलोय. शाळंत गुरुजी म्हणायचं, बाळ्या, तुझ्या तोंडाला कुलूप लावाय पायजे. त्यांनी लावलं असतं तर हे झालं नसतं का?"

डॉक्टर म्हणाल्या, "नाही. तरीही झालं असतं. बोलणं तुमचं आहे, बाळासो. आजार नंतर आला."

पप्पांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरगं तिकडं तोंड धुवत बसलंय व्हय?" मी म्हटलं, व्हय. एस.टी.त बसल्यावर तिकिटं काढली. मग म्हणाले, "रविवारी फोन माझ्याकडं दे."

ताई


निवासी शाळा
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

ताई,

तू शेजारीच हुतीस, पण तिकडनं तुला एकाच बाजूचं ऐकू आलं असंल म्हणून लिवतो.

पयल्यांदा पप्पा कायच बोलंनात. मला वाटलं फोन कट झाला. मागनं पोरं ओरडाय लागली, आवर की. मग पप्पा म्हणालं, "जेवलास का?"

मी म्हटलं, जेवलो.

"काय हुतं?"

"दोडका."

पप्पा मग म्हणालं, "आमच्या दवाखान्यातबी दोडकाच हुता. मला वाटलं मीच आजारी हाय म्हणून देत्यात."

मला हसू आलं. मी थांबवणार हुतो, पण तवर तिकडनं पप्पाच हसले. थोडंच. पयल्यासारखं मोठ्यांदा न्हाय. आवाज जरा जड येतोय त्यांचा, जिभेवर कायतरी ठेवल्यासारखा. पण त्यांचाच हाय. मग मी हसलो ते हसलोच. मागची पोरं पण उगंच हसाय लागली, त्यांना काय माहीत न्हाय तरी. सर भिंतीवरचं वेळापत्रक वाचत हुते. ते वेळापत्रक त्यांनीच लिवलंय.

पप्पा म्हणालं, "त्या डॉक्टरीणबाईनं काय सांगितलंय ते ताईनं लिवलंय न्हवं?" मी म्हटलं, व्हय. म्हणालं, "मग बास. मला कायबी वाटलं तर मी तुझ्या आईला सांगतो. तुला कायबी वाटलं तर तू मला सांगायचं. मला त्यातलं कळतंय आता."

मग म्हणालं, दिवाळीला लवकर ये.

कबड्डीत परत घेतलंय. राखीव म्हणून. पण घेतलंय.

धैर्यशील


गडमुडशिंगी
९ डिसेंबर २०२४

धैर्या,

तू दिवाळी करून गेलास, त्यानंतर घरात काय चाललंय असं विचारलंयस. ऐक तर.

दिवाळीत आपण दोघं काय करत होतो आठवतं? पप्पा चकलीवरून काहीतरी बोलले आणि हसले, की तू माझ्याकडे बघायचास. गप्प बसले, की मी तुझ्याकडे. किल्ला करताना त्यांनी तुला एकदा रागावून माती नीट लाव म्हटलं, तर आपण दोघंही थिजलो, जसं काही भूकंपमापक यंत्रंच आहोत. आई तर अजूनही त्यांनी अंघोळीला जास्त वेळ लावला की दारावर टकटक करते, आणि "काय नाही, साबण हाय का बघत हुते" म्हणते. पप्पांना हे सगळं कळतं. ते गोळी घेतली की रिकामं पाकीट आईला दिसेल असं ओट्यावर ठेवतात, परीक्षेला उत्तरपत्रिका ठेवावी तसं.

परवा आमच्या कॉलेजची सहल हंपीला जाणार असं ठरलं. मुक्कामाची सहल. मी घरी सांगितलं. आई म्हणाली, पप्पांना विचार. मी विचारलं.

पप्पा म्हणाले, "न्हाय."

मी म्हटलं, सगळ्या मुली जाणार आहेत.

"जाऊ देत. तू न्हाय जायाचं."

का, विचारलं. तर म्हणाले, "रातच्या बसचा मला भरवसा न्हाय. एकदा न्हाय म्हटलं म्हंजे न्हाय. काय तोंड वर करून इचारतीस?" आणि आवाज चढला, बरं का. अगदी मैदानावरचा नव्हे, पण शेजारी आकारामतात्यांनी खोकून दाखवण्याइतका.

मी त्यांच्याकडे बघितलं. तेच आपलं बघणं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पप्पा, गोळी घेतली का?"

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. पप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता गप्प होतील, उठून जातील, भिंतीकडे तोंड करतील, आणि हे माझ्यामुळे होईल. ते उठले नाहीत. ओट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "घेतलीया. बघ जा तितं पाकीट. गोळी घेऊनच न्हाय म्हणतोय. हा आजार न्हाय, हा तुझा बाप हाय."

आणि भाकरी मोडून जेवायला लागले. आणखी कालवण मागितलं. वर आईला म्हणाले, मीठ कमी हाय.

मी ताटावरून उठले, आत गेले, दार आपटलं आणि उशीत डोकं खुपसून रडले. हंपी गेली. मुली फोटो टाकतील. जगातला सगळ्यात हेकट, खडूस, जुनाट बाप माझ्याच वाट्याला का यावा, वगैरे. छान मनापासून रडत होते आणि मधेच माझ्या लक्षात आलं की मी फक्त सहलीसाठी रडतेय. दुसरं काहीच नाही. वर्षभरात असलं रडले नव्हते. मग आणखी थोडी रडले, चांगलं चाललं होतं म्हणून.

बाहेर पप्पांनी आईला विचारलेलं ऐकू आलं, "लईच लागलं व्हय तिला?" आई म्हणाली, "लागू दे. सोळा वर्षांची हाय."

मी अजून त्यांच्याशी बोलत नाही. ते येता-जाता खाकरतात, मी पुस्तकात बघते. आई विचारते, किती दिवस चालवणार हे? मी म्हटलं, बघू. साधं भांडण आहे, पुरवून पुरवून वापरणार आहे.

ताई